घालावे किती, काढावे केव्हा

दिवाळी मागे पडून थंडीचा अंमल सुरू झाला, की पाटगावच्या धरणाचे पाणी घेऊन भुदरगडाच्या डोंगराळ मुलखातून खाली उतरणाऱ्या वेदगंगेच्या दोन्ही तीरांवर, मुरगूडच्या शिवारापासून थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत, ऊसतोडीची एकच लगबग उडते. बिद्रीच्या आणि हमीदवाड्याच्या साखर कारखान्यांकडे भरलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेतून मागे राहिलेला थोडाबहुत ऊस अजूनही एखाद्या गुऱ्हाळाच्या चरकाकडे वळतो. गुऱ्हाळाचा मालक कोणीही असो, काहिलीवर हुकूम चालतो तो गुळव्याचा. रस तापू लागला म्हणजे तो त्यात रानभेंडीचे चिकट पाणी सोडतो, निवळीसाठी चुना घालतो, आणि मग झाऱ्या हातात घेऊन स्तब्ध उभा राहतो. चुना कमी पडला तर गूळ नीट धरत नाही, जास्त झाला तर काळवंडतो; आणि ही मात्रा त्याला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेली नसते, कारण प्रत्येक शेताचा रस निराळा असतो. परंतु त्याच्या कौशल्याची खरी कसोटी घालण्याइतकीच काढण्यात असते. भेंडीचे पाणी गुळात राहण्यासाठी घातलेले नसते. ते रसातला मळ आपल्याभोवती गोळा करते, मळीच्या रूपाने वर येते, आणि गुळव्या ती मळी वेळीच काढून टाकतो. ती उशिरा काढली, तर सगळी काहील बिघडते.

वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाविषयी, आणि विशेषतः काचेच्या बाटलीतल्या तुकड्याला अधिक कोंब फुटावेत म्हणून त्याच्या अन्नात जी निरनिराळी रासायनिक द्रव्ये मिसळतात त्यांच्याविषयी, विचार करू लागलो की मला या गुळव्याची आठवण होते. या द्रव्यांविषयी आपल्याकडे एक गैरसमज रुजलेला आहे. पिकाला जसे खत, अशक्त मनुष्याला जसे टॉनिक, तसे हे बाटलीतल्या रोपाला बळ देणारे काहीतरी असावे, आणि म्हणून जितके अधिक घालू तितके अधिक कोंब येतील, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. कोंब निर्माण करण्याची शक्ती त्या तुकड्याच्या प्रत्येक जिवंत पेशीत सुप्तपणे आधीपासूनच असते. द्रव्याचे काम तिला वेळेवर सूचना देण्याचे किंवा तिच्या वाटेतला अडथळा दूर करण्याचे, आणि ते काम संपले की निघून जाण्याचे.

हा विषय मुरगूडसारख्या गावाला जवळचा का, हे आधी सांगितले पाहिजे. ऊस हे बियांपासून लावण्याचे पीक नव्हे. बियांतून उगवलेला प्रत्येक ऊस निराळ्या गुणाचा निपजतो, त्यामुळे बी पैदासकाराच्या कामाचे, शेतकऱ्याच्या नव्हे. शेतकरी लावतो ती कांडी, आणि उगवतो तो कांडीवरचा डोळा. या पद्धतीत जातीचे गुण जसेच्या तसे पुढे जातात, ही तिची मोठी सोय. पण गुणांबरोबर रोगही जसेच्या तसे पुढे जातात, हा तिचा तितकाच मोठा दोष. एका मळ्यात मोझॅकचा विषाणू शिरला किंवा गवताळ वाढीचा रोग बसला, की त्या मळ्यातले बेणे नेणारा प्रत्येक शेतकरी तो रोग बैलगाडीत घालूनच घरी आणतो, आणि लावणीनंतर खोडवा, खोडव्यानंतर निडवा अशा क्रमाने एकाच बुडख्यावर दोन-तीन पिके काढताना तो रोग मुक्कामालाच राहतो. बेण्यावर उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया केली तर गवताळ वाढीसारखे रोग बऱ्याच अंशी हटतात. मोझॅक तेवढ्याने हटत नाही.

शिवाय वेळेचा प्रश्न आहेच. एक एकर बेणेमळ्यातून साधारण दहा एकरांची लावण होते. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने किंवा पाडेगावच्या संशोधन केंद्राने एखादी नवी जात निवडून काढली, तरी मूठभर कांड्यांपासून तालुक्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांना पुरेल एवढे बेणे तयार होईपर्यंत वर्षांमागून वर्षे निघून जातात, आणि कित्येकदा जात शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचते तेव्हा तिचा तजेला उतरलेला असतो. एके काळी महाराष्ट्रभर पसरलेली को ७४० काय, किंवा आज आपल्या शिवारात ज्यांना लोक नुसते ‘८६०३२’ आणि ‘२६५’ म्हणतात त्या जाती काय, प्रत्येकीला या सावकाश वाटेनेच यावे लागलेले आहे.

या दोन्ही अडचणींतून वाट काढण्याचा प्रयत्न पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला. हेंद्रे, मस्करेन्हस, नाडगीर, पाठक आणि जगन्नाथन या संशोधकांनी १९७५ साली असे प्रसिद्ध केले, की उसाच्या शेंड्यातला अगदी टोकाचा वर्धनशील भाग अलग काढून तो बाटलीत वाढवला, तर त्यापासून मोझॅकमुक्त रोपे मिळू शकतात. उसाचे वाढे घेऊन त्यावरील पानांची आवरणे एकेक करून सोलत गेले, की शेवटी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक पारदर्शक घुमट उरतो. तेथपर्यंत अन्नरस वाहणाऱ्या नलिका अजून पोहोचलेल्या नसतात, पेशींचे विभाजन मात्र विलक्षण वेगाने चाललेले असते, आणि म्हणून झाड रोगाने व्यापलेले असले तरी हा टोकाचा कण बहुधा विषाणूच्या तावडीतून सुटलेला असतो. रोगमुक्त बेण्याचे आणि जलद वाढीचे असे दोन हेतू एकाच बाटलीत साधण्याची शक्यता तेथे दिसली. आणि पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या, सहकारी कारखान्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने ऊतिसंवर्धित रोपांपासून पायाभूत बेणे तयार करून ते कारखान्यांमार्फत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचा शिरस्ता घातला.

आता त्या बाटलीत असते काय, ते पाहू. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत आज जे मिश्रण वापरतात ते तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सिद्ध करून १९६२ साली प्रसिद्ध केले. तंबाखूच्या पानांच्या अर्कात वाढीला चालना देणारे एखादे अज्ञात द्रव्य असावे, अशा कल्पनेने मुराशिगे शोधाला निघाले होते, आणि हाती लागले ते असे, की त्या अर्काचा बहुतेक प्रभाव त्यातल्या साध्या खनिज क्षारांमुळेच होता. नत्र, पालाश, स्फुरद, चुनखडी, लोह, जस्त, बोरॉन असे क्षार ठरावीक प्रमाणात, थोडी जीवनसत्त्वे, लिटरभर पाण्यात वीस-तीस ग्रॅम साखर, आणि घट्टपणासाठी समुद्रशैवालापासून काढलेले अगार, म्हणजे आपल्याकडे ज्याला चायना ग्रास म्हणतात तेच: हे झाले मूळ अन्न. ते १२१ अंश उष्णतेच्या वाफेत वीस मिनिटे शिजवून निर्जंतुक करायचे, गाळलेली हवा वाहणाऱ्या कपाटासमोर बसून त्यात ऊसशेंड्याचा कण ठेवायचा, आणि पंचवीस अंशांच्या खोलीत दिव्याखाली बाटल्या मांडून ठेवायच्या. येथवर सर्व व्यवस्था चोख झाली, तरी तो कण जगतो, फुगतो, कदाचित एखादे पान काढतो. भरभरून कोंब मात्र येत नाहीत. कोंबांसाठी आणखी काहीतरी हवे असते, आणि त्या ‘आणखी काहीतरी’चा शोध हा या शास्त्रातला सर्वांत रम्य भाग आहे.

त्या शोधाची सुरुवात आपल्या घरातल्या नारळापासून झाली, असे म्हणायला हरकत नाही. १९४१ साली योहानेस व्हान ओव्हरबेक आणि त्यांचे सहकारी धोतऱ्याच्या बीजातले अगदी कोवळे गर्भ बाहेर काढून बाटलीत जगवण्याच्या खटपटीत होते, आणि कोणत्याही अन्नावर न जगणारे ते गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढू लागले. नारळाचे पाणी हे एका बीजाच्या गर्भासाठी निसर्गाने करून ठेवलेली शिदोरी असते. ती दुसऱ्या, दूरच्या जातीच्या गर्भालाही चालली. तिच्यात नेमके काय आहे, याचा पाठलाग पुढे अनेकांनी केला. स्कूग यांच्याच प्रयोगशाळेत कार्लोस मिलर यांना १९५५ साली हेरिंग माशाच्या शुक्राणूंतून काढलेल्या, कपाटात पडून जुन्या झालेल्या डीएनएच्या एका बाटलीत ते सामर्थ्य आढळले. ताजा डीएनए आणून पाहिला, तर तो निष्प्रभ. पण तोच ताजा डीएनए वाफेच्या दाबाखाली शिजवला, की पुन्हा प्रभावी. त्यातून जे द्रव्य अलग झाले त्याचे नाव कायनेटिन, आणि त्या वर्गाचे नाव पुढे सायटोकायनिन असे पडले. मक्याच्या कोवळ्या दाण्यांत याच वर्गातले नैसर्गिक द्रव्य लेथम यांना १९६३ साली सापडले, आणि पुढे नारळाच्या पाण्यातही त्याच्या कुळातले द्रव्य असल्याचे सिद्ध झाले.

याहून महत्त्वाचा होता तो स्कूग आणि मिलर यांचा १९५७ सालचा निष्कर्ष. वनस्पतीत मुळांकडे कल देणारी ऑक्सिन नावाची संजीवके आधीच ठाऊक होती. तंबाखूच्या ऊतींवर ऑक्सिन आणि कायनेटिन निरनिराळ्या प्रमाणात देऊन त्यांनी दाखवले, की ऑक्सिनचे पारडे जड असेल तर मुळे फुटतात, कायनेटिनचे जड असेल तर कोंब फुटतात, आणि दोन्ही समतोल असतील तर नुसता आकारहीन गोळा वाढत राहतो. अमुक द्रव्य कोंबाचे आणि तमुक मुळाचे, अशी सरळ विभागणी येथे नाही. निर्णय होतो तो दोघांच्या परस्पर प्रमाणावर. लिटरभर अन्नात एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे घागरभर पाण्यात मिठाच्या काही खड्यांइतके, कायनेटिनच्याच वर्गातले बेंझिल ॲडेनिन कमी-अधिक केल्याने एका जिवंत तुकड्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा बदलावी, ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी मला तिचे नवल वाटायचे थांबत नाही.

पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या संजीवकांनी १९९० साली एक आश्चर्य घडवले. ज्या कळकाला फुलोरा येण्यासाठी तीस-तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागतो, आणि जो फुलला म्हणजे गावोगावची वडीलधारी मंडळी दुष्काळाची खूण समजून चिंतेत पडतात, त्या कळकाची बोटभर रोपे नारळाचे पाणी आणि बेंझिल ॲडेनिन घातलेल्या अन्नावर काही महिन्यांतच बाटलीत फुलली आणि त्यांना बीही धरले. नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस यांचा तो वृत्तांत ‘नेचर’ या जगद्विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

उसाकडे परत येऊ. शेंड्याच्या कणातून सरळ कोंब काढणे ही एक वाट. दुसरी वाट किणातून जाते. कोयता धरून धरून तोडकऱ्याच्या तळहाताला जो घट्टा पडतो, त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दाने शास्त्रज्ञ वनस्पतीच्या जखमेवर वाढणाऱ्या आकारहीन पेशीसमूहाला ओळखतात, आणि मराठी परिभाषेत त्यालाच किण म्हणतात. उसाच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानांच्या चकत्यांपासून किण तयार करायचा असेल, तर अन्नात टू-फोर-डी घालतात. हे नाव मुरगूडच्या शेतकऱ्याला नवे नाही. उसातल्या रुंद पानांच्या तणावर तो ज्याची फवारणी करतो तेच हे. मुळात ते एक कृत्रिम ऑक्सिन आहे. शेतात त्याची मोठी मात्रा तणाच्या वाढीचा ताळच सोडवून त्याला मारते, आणि बाटलीत लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमची मात्रा उसाच्या पेशींना आपला आकार विसरून नव्याने विभागायला लावते. मात्र जोपर्यंत टू-फोर-डी अन्नात आहे तोपर्यंत किण हा किणच राहतो. तो टू-फोर-डी नसलेल्या अन्नावर हलवला, की काही आठवड्यांत त्या पिवळसर गोळ्यावर हिरवे ठिपके दिसू लागतात, आणि त्या ठिपक्यांतून कोंब वर येतात. पुष्कळ नवशिके येथे फसतात. कोंब येत नाहीत म्हणून ते आणखी काहीतरी घालत बसतात, आणि खरा उपाय एक गोष्ट काढून घेण्याचा असतो.

किणाच्या वाटेत एक धोका आहे आणि तोच कधी कधी लाभही ठरतो. आकार विसरलेल्या पेशींच्या गुणसूत्रांत लहानमोठे फेरफार होतात, आणि त्यांतून उठलेली काही रोपे मूळ जातीहून निराळी निपजतात. बेणे वाढवणाऱ्याला हे मुळीच परवडत नाही, म्हणून बेण्यासाठी शेंड्याचीच वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पैदासकाराने अशाच वेगळ्या निपजलेल्या रोपांतून निवड करून जाती काढल्या आहेत. को ९४०१२, म्हणजे फुले सावित्री, ही कोसी ६७१ या जातीच्या किणातून निवडलेली आहे.

बाटलीतली पहिली अडचण बहुधा पहिल्या दोन दिवसांतच समोर येते. एखाद्या गृहिणीला विचारा, वांगे चिरल्याबरोबर ती फोडी पाण्यात का टाकते. चिरलेल्या जागी फुटलेल्या पेशींतली फिनॉल जातीची द्रव्ये हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून काळी पडतात. उसाची कांडी कापून ठेवली की तिचे तोंड काळपट पडते तेही याच कारणाने. बाटलीत ही काळी द्रव्ये अन्नात झिरपतात आणि तो इवलासा शेंडा आपल्याच विषाने मरतो. पहिल्यांदा मी एका प्रयोगशाळेत ऊसशेंड्यांच्या बाटल्यांची ओळ पाहिली तेव्हा तिच्यातल्या अर्ध्याअधिक बाटल्यांचे अन्न चहाच्या रंगाचे झालेले होते, आणि त्यातले कण काळेठिक्कर पडले होते. ते पाहून वाटलेली हळहळ मला अजून आठवते. यावर चार तऱ्हांचे उपाय आहेत. कापलेले तुकडे क जीवनसत्त्वाच्या किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात धुतात, म्हणजे प्राणवायूशी होणारा संयोग मंदावतो. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन नावाचे द्रव्य फिनॉलला धरून ठेवते. आणि अन्नात क्रियाशील कोळशाची पूड मिसळली, तर ती ही विषे शोषून घेते. पण कोळसा आपला-परका ओळखत नाही. विषाबरोबर तो आपण मोजून घातलेली संजीवकेही गिळतो, आणि मग कोंब का येत नाहीत म्हणून शोध करणारा हैराण होतो. साधा, आणि माझ्या मते सर्वांत उत्तम, उपाय म्हणजे पहिले काही दिवस दर दोन-तीन दिवसांनी तुकडा ताज्या अन्नावर हलवत राहणे. उसाचे शेंडे कित्येक ठिकाणी पातळ अन्नात, कागदी पट्टीच्या पुलावर ठेवून वाढवतात, त्यात हे हलवणे सोपे पडते. येथेही मळी काढून टाकण्याचीच गोष्ट.

दुसरा अडथळा दिसत नाही, कारण तो वायुरूप आहे. आंब्याची अढी लावणाऱ्याला तो डोळ्यांनी न पाहताही ठाऊक असतो. पेंढ्यात झाकलेल्या आंब्यांत एक पिकू लागला, की त्याचा वायू इतरांना पिकवतो; हा वायू म्हणजे एथिलीन. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्युबोव नावाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आले, की प्रयोगशाळेतल्या हवेत वाटाण्याचे कोंब सरळ वर न येता आडवे वाढतात, आणि त्याचे कारण दिव्यांच्या गॅसमधील एथिलीन आहे. प्रत्येक वनस्पती हा वायू स्वतःही तयार करते, आणि जखम झाली की अधिकच करते. मोकळ्या शेतात तो वाऱ्यावर जातो. घट्ट झाकणाच्या बाटलीत मात्र तो साचून राहतो: कोंब खुंटतात, पाने गळतात, किणावरचे हिरवे ठिपके फुटायच्या आधीच विरून जातात. म्हणजे आपण अन्न चांगले दिले, संजीवके मोजून दिली, आणि तुकडा मात्र स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरतो आहे.

येथे चांदी उपयोगी पडते. १९७६ साली बेयर नावाच्या संशोधकाने दाखवले, की चांदीचा आयन वनस्पतीवरील एथिलीनचा प्रभाव निष्फळ करतो. त्याची कारणमीमांसा नंतर उलगडली. पेशीत एथिलीनची चाहूल घेणारी जी ग्राहक प्रथिने असतात, त्यांच्या मर्मस्थानी तांब्याचा एक अणू असतो. चांदी त्या तांब्याची जागा घेते. एथिलीन येतो, त्या जागी बसतोही, परंतु त्याचा निरोप पेशीच्या आत रवाना होत नाही. चावडीवरचा दफ्तरदार बदलला आणि आलेली खबर पुढच्या कचेरीत जाईनाशी झाली, अशातला हा प्रकार. अन्नात लिटरला काही मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घातल्याने १९८७ साली गव्हाच्या किणातून कोंब निघण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले, आणि लगेच पुढच्या काही वर्षांत मका व मोहरीच्या हट्टी वाणांतही तोच अनुभव आला. हे सिल्व्हर नायट्रेट आपल्यापैकी प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीला कधी ना कधी लागलेले आहे; मतदानाच्या वेळी लावतात त्या न पुसणाऱ्या शाईत तेच असते, आणि उजेडात ते काळे पडते म्हणूनच ती खूण टिकते. बाटलीत काम करणाऱ्याला हाच गुण अडचणीचा होतो: द्रावण काळ्या बाटलीत, अंधारात ठेवावे लागते, आणि अन्नातल्या क्लोराइडशी त्याची गाठ पडली तर त्याचा साका बसतो. म्हणून काहीजण त्यात छायाचित्रकारांचा हायपो मिसळून सिल्व्हर थायोसल्फेट करून वापरतात. कोबाल्ट क्लोराइड हा याहून स्वस्त पर्याय आहे. त्याने एथिलीन तयार होण्याच्याच क्रियेत खीळ बसते. आणि ज्या प्रयोगशाळेला यांपैकी काहीच परवडत नाही, तिने झाकणाला हवा खेळती ठेवणारा गाळणीचा पडदा बसवावा. जी गोष्ट झाकण सैल करून साधते तिच्यासाठी चांदी खर्चू नये, असे मला वाटते. पण जेथे वाणच हट्टी आहे तेथे चांदीला तोड नाही.

बाकीच्या द्रव्यांची गणती लांब आहे, आणि ती सर्वच सारख्या योग्यतेची नाहीत. ॲडेनिन सल्फेट हे त्यातले वडीलधारे. कायनेटिनच्या शोधाआधीच, १९४८ साली, स्कूग आणि त्सुई यांनी त्याने तंबाखूला कळ्या फुटतात हे दाखवले होते, आणि आजही बेंझिल ॲडेनिनच्या जोडीला ते थोडेसे घालतात. दुधातल्या केसिनचे विघटन करून मिळवलेले मिश्रण आयते सेंद्रिय नत्र पुरवते. प्युट्रेसिन, स्पर्मिडीन यांसारखी पॉलिअमाइने काही जातींत गुण देतात, काहींत देत नाहीत. जिबरेलिक आम्ल, ज्यात तासगावकडचे बागाईतदार द्राक्षांचे घड बुडवतात, ते खुजे राहिलेले कोंब लांबवायला उपयोगी. आणि थायडायझुरॉन, जे मूळ कापसाची पाने वेचणीपूर्वी गाळण्यासाठी तयार झाले, त्यात अतिशय तीव्र सायटोकायनिन गुण असल्याचे १९८२ साली उघड झाले. हट्टी झाडोऱ्याच्या जातींत त्याचा शतांश मिलिग्रॅमही पुरतो. आणखी एक दक्षता सांगितली पाहिजे. क जीवनसत्त्व आणि जिबरेलिक आम्ल यांसारखी द्रव्ये वाफेच्या उष्णतेत बिघडतात, म्हणून ती शिजवलेले अन्न कोमट झाल्यावर, सूक्ष्म गाळणीतून गाळूनच घालावी लागतात.

एवढी खटपट कशासाठी, याचा हिशेब सोपा आहे. ताज्या अन्नावर हलवण्याच्या दर फेरीला एका कोंबाचे तीन कोंब होत असतील, तर सहा फेऱ्यांत त्याचे ७२९ होतात. तीनाचे चार झाले, तर तेवढ्याच सहा फेऱ्यांत ४०९६. दर फेरीला एक कोंब अधिक मिळाल्याने हाती येणारी रोपे पाचपटीहून अधिक होतात. परंतु याच हिशेबाने माणसाला लोभ सुटतो. सायटोकायनिन वाढवत गेले, की कोंबांची संख्या वाढते आणि प्रत्येक कोंब बारीक, काचेसारखा पारदर्शक, पाण्याने फुगलेला होत जातो. असा कोंब मुळे धरत नाही, आणि धरली तरी उन्हात टिकत नाही. थायडायझुरॉनची मात्रा किंचित वाढली, की कोंब एकमेकांना चिकटून कोबीच्या गड्ड्यासारखे होतात. आणि एकाच मूळ कणाच्या फेऱ्या किती झाल्या याला काही मर्यादा ठेवली नाही, तर भेसळीची रोपे डोकावू लागतात. म्हणून ज्या शेतकऱ्याला ऊतिसंवर्धित रोप विकत घ्यायचे आहे त्याने दरापेक्षा आधी तीन गोष्टींचा तपशील मागावा: मातृरोप कोठले, त्याची विषाणुतपासणी झाली का, आणि किती फेऱ्यांनंतरचे हे रोप आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ सालापासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची रीतसर व्यवस्था केली आहे; त्या दाखल्याची मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. लावणीला चुकलेले बेणे खोडवा-निडव्यापर्यंत तीन वर्षे भोगावे लागते.

कोंब पुरेसे झाले, की उलटी चाल सुरू होते. सायटोकायनिन काढून घेतात, कारण ते असेपर्यंत मूळ फुटत नाही. त्याऐवजी ऑक्सिन देतात, उसाला बहुधा एनएए, जे फळगळ थांबवण्यासाठी बागाईतदार फवारतात. साखर उसाच्या मुळांसाठी काहीशी वाढवतात, आणि मग एके दिवशी तीही संपते. बोटभर लांबीचे, पांढऱ्या मुळांचे ते रोप अगार धुऊन बाहेर काढतात आणि कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये, सावलीच्या जाळीखाली ठेवतात. आजवर त्याने आयती साखर खाल्लेली असते, दमट हवेत श्वास घेतलेला असतो. त्याच्या पानांवर मेणाचा थर नसतो, आणि पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटण्याची त्याला सवय नसते. पहिल्या आठवड्यात तुषारांचे पाणी जरा चुकले, तर दुपारपर्यंत ट्रेच्या ट्रे माना टाकतात. मग दिवसागणिक पाणी थोडे कमी, ऊन थोडे अधिक, असे करत सहा-सात आठवडे जातात. जुनी पाने वाळतात, आणि त्यांच्या जागी जी नवी येतात ती हाताला खरखरीत लागतात, उसाच्या पानासारखी. असे पान दिसले, की अनुभवी माळी जाळी बाजूला सारतो. मुरगूडच्या एखाद्या बेणेमळ्यात, सर पिराजीराव तलावाकडून येणाऱ्या वाऱ्यात, ते रोप लागते तेव्हा त्याच्या अंगात बाटलीतले एकही द्रव्य उरलेले नसते, आणि महिन्या-दीड महिन्यात त्याच्या बुंध्याशी, कोणी काही न घालता, पहिला फुटवा वर येतो.